आईनं न पाहिलेली मावशी

माझ्या आईनं आपल्या सख्ख्या बहिणीच्या नावानं दोनदा आंघोळ केली. पहिल्या वेळी ती बहीण न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी होती.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. तेलुगू मुलखातल्या मोठ्या शहरात, नल्लकुंट्यात, आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या अंगाला न्हाणी. मावशी तेलुगू पिक्चरमध्ये काम करायला लागली होती आणि तिचा पहिला मोठा पिक्चर लागला होता. पास तिनंच आणून दिले. स्वतः मात्र आली नाही, तिला लाज वाटत होती. आई, बाबा आणि मी गेलो. पिक्चर सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, मावशी खोकली, एका पोराच्या मांडीवर डोकं टेकलं आणि गेली. नुसती गेली असती तर निभावलं असतं. तिरडी बांधली, चौघांनी उचलली, चितेवर ठेवली, पोरानं अग्नी दिला, आणि ज्वाळा पडदाभर. आई जी रडायला लागली ती थांबेचना. बाबा तिच्या कानाशी लागून सांगत होते, "अगं, ती घरी भाकरी थापत असेल." पुढच्या रांगेतली माणसं वळून बघत होती. शेवटी बाबांनी आम्हा दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आलो तर मावशी खरंच भाकरी थापत होती. आई आत आलीच नाही. दारातूनच म्हणाली, "मागं पाणी काढ. अंगावर घेतल्याबिगर मी चुलीपाशी यायची नाही." मावशीला वाटलं थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. आमचं मूळ गाव देगलूरकडं, आणि तिकडं चिता बघून आलेलं माणूस तसंच घरात वावरत नाही. आता ही चिता खोटी आहे, तेलुगू आहे, फुकटच्या पासावर बघितलेली आहे, हे आईला कोण सांगणार? तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, मला घातलं, बाबांनाही सोडलं नाही. आणि जिच्या नावानं हे सगळं चाललं होतं ती बाई आम्हाला एकेकाला टॉवेल देत होती आणि ओठ चावून हसू दाबत होती.

केस पुसता पुसता आई म्हणाली, "तू काम कर बये. मी नको म्हणत नाही. पण मला बोलवू नको. आजपासून तुझा पिक्चर मी बघणार नाही."

मावशीचं हसू तिथंच मावळलं. पुढं पन्नास वर्षं त्या बाईला एकच गोष्ट पाहिजे होती, की अक्कानं एकदा शेजारी बसून आपलं काम बघावं. अक्का म्हणजे माझी आई. आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. नाही बघितला पिक्चर तर नाही बघितला. म्हणून या दोघींचं आधीचं सांगायला पाहिजे. माझी आजी गेली तेव्हा मावशी चार वर्षांची होती आणि आई दहाची. दहा वर्षांच्या पोरीनं चार वर्षांच्या पोरीला वाढवलं. न्हाऊ घातलं, शेंबूड पुसला, कडेवर घेऊन विहिरीवर गेली. पुढं मावशीचं लग्न बिदरकडं झालं, दोन वर्षांत नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला पेटीसकट आमच्या दारात आणून सोडली. आईनं एक शब्द विचारला नाही. पेटी उचलून आत ठेवली. बाबा सरकारी ऑफिसात कारकून, साधा माणूस. ते म्हणाले, "राहू दे की. भाकरीला काय तोटा आहे." तेव्हापासून मावशी आमची. मला तर कितीतरी दिवस वाटायचं की प्रत्येक घरात एक आई आणि एक मावशी असतेच.

आईच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा कळलं. आपली आई जाताना तिनं बघितली होती, समोर बसून. बहिणीला तसं बघायचं नव्हतं, खोटंसुद्धा नाही. तिला वाटायचं, असलं काही आपण डोळ्यानं बघितलं की ते खरं व्हायला वाट मिळते. याला काही उत्तर नसतं. मी दिली तेवढी उत्तरं तिनं माझ्या तोंडावर परत फेकली.

मावशी पिक्चरमध्ये गेली ती सुईदोऱ्यामुळं. शेजारी एक तेलुगू बाई राहायची. ती शूटिंगच्या कपड्यांची हातशिलाई घरी आणायची. हुक लावणं, जरीचे काठ टाचणं, फाटलेलं सांधणं. मावशी तिला मदत करायची. एकदा दोघी कपडे पोचवायला गेल्या आणि तिथल्या डायरेक्टरनं मावशीचा चेहरा बघितला. माझ्या मावशीचा चेहरा जन्मजात दुःखी होता. ती गूळ खात असली तरी वाटायचं, हिच्या घरी काहीतरी झालंय. डायरेक्टरला तेच पाहिजे होतं.

सत्ताविसाव्या वर्षी ती पस्तिशीतल्या हीरोची आई झाली. केसांना पांढरी पावडर, कपाळ मोकळं, फिकी साडी, आणि नशिबात शिलाईचं मशीन नाहीतर खोकला. ती टीबीनं गेली, हार्टनं गेली, खलनायकाच्या गोळीनं गेली, जळत्या झोपडीत गेली. एकदा पुरातही गेली. हीरोचं लग्न बघायला ती क्वचितच उरली. हीरोइनी बदलल्या, हीरोंची पोरं हीरो झाली, मावशी त्यांचीही आई झाली. तिचं नाव यायचं ते पंधरा-वीस नावांच्या घोळक्यात, वाचेपर्यंत निघून जायचं. पण चेहरा लोक विसरायचे नाहीत. आमच्या शहरातल्या हिमायतनगरच्या बाजारात एक भाजीवाली तिला बघून ताडकन उभी राहिली. म्हणाली, "अम्मा, आप तो मर गए थे ना?" मावशी म्हणाली, "हौ, मर गई थी. भेंडी कैसे दी?"

ती हे काम जीव लावून करायची. "पोरी, मरणं सोपं नसतं," ती मला सांगायची, "श्वास शेवटी सोडायचा नाही. आधीच सोडून ठेवायचा आणि मग बोलायचं." आई बाजारात गेली की मावशी कपाटाच्या आरशासमोर मरून बघायची. मी चटईवर बसून टाळ्या वाजवायची. कितव्या वेळचं मरण जास्त चांगलं होतं तेही सांगायची. मी तिची सगळ्यात जुनी प्रेक्षक, पण माझ्या टाळ्यांनी तिचं काय भागणार. दाराची कडी वाजली की ती पटकन उठून केस नीट करायची आणि तांदूळ निवडायला बसायची.

एकदा तिनं आईला समजवायचा प्रयत्न केलेला मला आठवतो. दोघी अंगणात शेंगा फोडत होत्या. मावशी म्हणाली, "अक्का, तुला ठाऊक नाही. मरायचा शॉट झाला ना, की कॅमेरा बंद करायच्या आधी मला हसायला लावतात. उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. अपशकुन जावा म्हणून. मग कोहळा ओवाळून फोडतात, तोंडात साखर घालतात. सगळं नीट करतात गं ते."

"मग ते हसणं पिक्चरमध्ये कामून दाखवत नाहीत?" आईनं विचारलं.

"ते कापून टाकतात."

"कापतात ते मला दाखवा म्हणावं. तेवढं बघते मी."

मावशी पुढची शेंग फोडायला लागली. आई बोलण्यात कोणाला हार जायची नाही, आणि तो गुण माझ्यातही उतरलाय असं आमच्या ऑफिसातले लोक सांगतील.

मी कॉलेजात असताना एक दिवस मावशी शूटिंगवरून आली ती जवळजवळ पळतच. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "अक्का, या पिक्चरमध्ये मी मरत नाही." खानावळ चालवणाऱ्या बाईचं काम होतं. कॉलेजच्या पोरांना जेवू घालते, शिव्या देते, घरमालकाला झाडूनं हाकलते. एकदाही खोकत नाही.

आई म्हणाली, "आता असं सांगतील आणि मागून मारतील."

"नाही गं. माझं शूटिंग संपलं. आज पेढे वाटले."

"शपथ घे."

"कुणाची?"

"आईची."

मावशीनं गेलेल्या आईची शपथ घेतली. असली शपथ आमच्यात कोणी उगाच घेत नाही.

पिक्चर नारायणगुड्याच्या टॉकीजमध्ये लागला तेव्हा आईनं ठेवणीतली इरकल नेसली, गजरा माळला, पिशवीत भाजलेल्या शेंगा घेतल्या. लग्नाला निघाल्यासारखी तयारी. मावशी आम्हा दोघींच्या मध्ये बसली. पिक्चर सुरू झाला आणि मी बघते तर मावशी पडद्याकडं बघतच नव्हती. ती मान वळवून आईच्या तोंडाकडं बघत होती. पडद्यावर मावशी घरमालकाच्या मागं झाडू घेऊन धावली तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मावशी तिची पाठ चोळत होती आणि स्वतःच्या डोळ्यातलं पाणी पुसत होती. मी माझ्या आयुष्यात त्या बाईला इतकं सुखी कधी बघितलं नाही, आधी नाही आणि नंतर बराच काळ नाही.

इंटरव्हलला समोसे खाताना आई म्हणाली, "सगळं चांगलं आहे. पण तुझा आवाज असा कसा गं? सर्दी झाली होती का?"

मावशीचा घास तोंडात तसाच राहिला. मग म्हणाली, "माइकमधून तसाच येतो."

आईनं मान डोलवली. तिला त्यातलं काय कळतंय. मला मात्र वाटलं की मावशी खोटं बोलतेय, पण त्या दिवशी एवढं सगळं चांगलं चाललं होतं की मी विचारलं नाही.

इंटरव्हलनंतर हीरो परगावी गेला, पाच वर्षं गेली, तो पोलीस ऑफिसर होऊन परत आला. "अम्मा, अम्मा" म्हणत खानावळीत धावत शिरला. आत कोणी नाही. भिंतीवर मावशीचा फोटो, फोटोला हार, खाली लाल बल्ब.

तो फोटो शूटिंगमधला नव्हता. पिक्चरवाल्यांना द्यायला एक चांगला फोटो पाहिजे म्हणून मावशीनं तो हिमायतनगरच्या एका स्टुडिओत काढून घेतला होता. अंगावरची हिरवी साडी आईची होती. विधवा बाईला हिरवी कशाला म्हणून मावशी नको नको म्हणत होती, आईनंच हट्टानं नेसवली. गळ्यातली बोरमाळही आईनं आपल्या गळ्यातून काढून तिला घातली होती. त्या सगळ्यावर हार.

हीरो फोटोला कवटाळून रडायला लागला. आई उठली. लोकांच्या पायांवरून, कुणाच्या बोलण्याकडं लक्ष न देता, सरळ बाहेर गेली. शेंगांची पिशवी खुर्चीवरच राहिली. मावशी तिच्या मागं धावली, मी मावशीच्या मागं.

रस्त्यावर मावशीनं तिचा हात धरला. "अक्का, मला खरंच माहीत नव्हतं. फोटो मागितला, मी दिला. कशाला ते कोणी सांगितलं नाही."

"मला माहीत होतं," आई म्हणाली, आणि हात सोडवून घरापर्यंत चालत गेली. त्या दिवशी आंघोळ केली नाही. फोटोची आंघोळ नसते, एवढंच म्हणाली.

मी संतापले होते. मावशीला म्हटलं, जा आणि भांड त्यांच्याशी. ती दुसऱ्या दिवशी गेली, पण भांडायला नाही, विचारायला. तिला सांगितलं गेलं की हीरोला रडायला एक जागा पाहिजे होती. तिला परत बोलवण्यापेक्षा भिंतीवर फोटो लावणं सोपं पडलं. मी म्हटलं, तू गप्प ऐकून घेतलंस? ती म्हणाली, "पोरी, भांडकुदळ आई कोण घेतं पिक्चरमध्ये?"

दोघी बोलायच्या बंद झाल्या, तसं नव्हे. शूटिंग असलं की आई मावशीच्या डब्यात भाकरी, ठेचा, वरून दह्याचा लहान डबा देतच राहिली. आजारपणं काढली एकमेकींची. पण टीव्हीवर मावशीचा पिक्चर लागला की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला काढायची. घासलेली भांडीसुद्धा. मावशी टीव्हीसमोर एकटी बसायची आणि भांड्यांच्या आवाजात आपलं काम बघायची. मी दोघींवरही चिडायची. आईला म्हणायची, तुला दगडाचं काळीज आहे. एकदा तर म्हटलं, तू मेलीस की तिला बघायला कोण उरणार? आईनं माझ्याकडं बघितलं आणि नळ आणखी जोरात सोडला. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग कामं कमी होत गेली. पडद्यावरच्या आया तरुण झाल्या, लिपस्टिक लावायला लागल्या. मावशीला मग सीरियलमधली आजी, मग नुसती गर्दीतली म्हातारी, मग काहीच नाही. बाबा गेले. नल्लकुंट्याच्या खोल्या सोडून मी दोघींना माझ्याकडं कुकटपल्लीला नवव्या मजल्यावर घेऊन आले. एका खोलीत दोन पलंग, मध्ये एक खुर्ची. दिवसभर भांडायच्या. पंखा दोनवर का तीनवर, यावरून दोघींची सकाळ जायची.

गेल्या वर्षी मावशीचं हार्ट खरंच थकलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता जपा, फार दिवस धरू नका. मी आईला काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "तिचा तो पिक्चर लाव. खानावळीचा."

मी म्हटलं, "आता?"

"आता नाही तर कधी? ती माझ्या बाजूला बसलेली असताना बघते. मागून मला बघवायचं नाही."

मावशीनं ऐकलं. पलंगावरून पाय खाली सोडले आणि केस नीट करायला लागली.

फोनवरचा पिक्चर टीव्हीवर कसा लावायचा ते माझ्या मुलीनं मला शिकवलं होतं. पिक्चर सापडला, प्रिंट खराब, मधूनच रेघा. मावशीला सोफ्यावर उशा लावून बसवलं. आई तिला चिकटून बसली आणि तिचं मनगट धरून ठेवलं. पडद्यावर अडतीस वर्षांची मावशी हातात वरणाचं पातेलं घेऊन आली आणि पोरांना काहीतरी दटावून बोलली.

"हा आवाज कुणाचा?" आईनं विचारलं.

मावशी पदर सारखा करायला लागली.

"मागंबी मी विचारलं होतं तुला. सर्दी नव्हती ती."

मावशीनं मान खाली घातली. मग तिनं सांगितलं. तिची तेलुगू आमच्या सगळ्यांसारखी, बाजारात शिकलेली, मराठीचा हेल लागलेली. पिक्चरला आंध्राकडची चोख पाहिजे. म्हणून शूटिंगला मावशी बोलायची, पण नंतर विजयवाड्याकडची एक बाई स्टुडिओत बसून तिच्या ओठांवर आपला आवाज बसवायची. तीच पिक्चरमध्ये ऐकू यायची.

"सगळ्यांत?" आई म्हणाली.

"सगळ्यांत."

"एकातबी तू नाहीस?"

"तोंड माझंच आहे की, अक्का."

मला हे नोकरीला लागल्यावर कळलं होतं. मी आईला कधी सांगितलं नाही, तिला पिक्चर न बघायला आणखी एक कारण कशाला द्या. पण पन्नास वर्षांत मावशीला हा प्रश्न विचारणारं दुसरं माणूस भेटलं नव्हतं. लोकांनी तिच्या मरणावर टाळ्या वाजवल्या, रडले, पण आवाज तिचा नाही हे कुणाला खटकलं नाही. ज्यांनी तिला बोलताना ऐकलं होतं त्यांनाही नाही. मला तरी कुठं खटकलं होतं. आईनं हा पिक्चर दोनदा बघितला, दोन्ही वेळा तिला ते कळलं. मावशीचं तोंड बघवत नव्हतं. इतकी वाट बघून अक्का बसली, आणि बसल्या बसल्या तिनं सांगितलं की ही तू नाहीस.

आई मला म्हणाली, "तो आवाज बंद कर."

मी बंद केला. पडद्यावर नुसते ओठ हलायला लागले.

"आता तू बोल," आई मावशीला म्हणाली.

"काय बोलू?"

"तेव्हा बोलली होतीस ते."

"इतक्या वर्षांचं मला कुठं आठवायला, अक्का."

"आठवेल. बोल."

पहिली दोन वाक्यं मागं पडली. ओठ पुढं गेले, मावशी चाचपडत राहिली. मग तिला सूर सापडला. पडद्यावरची मावशी तोंड उघडायची आणि सोफ्यावरची मावशी बोलायची, दम लागलेल्या घोगऱ्या आवाजात, आमच्या देगलूरच्या हेलात तेलुगू. अख्खं पाठ होतं तिला. मी चहा करायला उठले होते ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. घरमालक आला, झाडू निघाला, मावशीनं सोफ्यावरून त्याला अशा शिव्या दिल्या की आईला हसू आवरेना. आणि हसणाऱ्या आईकडं मावशी मान वळवून बघत होती, त्यामुळं पुढचं एक वाक्य तिचं चुकलं.

इंटरव्हलनंतर हीरो गावाला गेला. मी पुढं होऊन म्हटलं, "बास करू या आता, मावशी दमली." पुढं काय आहे ते मला माहीत होतं.

मावशी म्हणाली, "राहू दे."

पोलिसाच्या ड्रेसमधला हीरो धावत खानावळीत शिरला. त्याचे ओठ हलले. भिंत आली. हिरवी साडी, बोरमाळ, हार. आईनं मावशीचं मनगट सोडलं आणि उठायला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हे सगळं मी डोळ्यानं बघितलं.

त्या प्रसंगात मावशीला एकही वाक्य नव्हतं. फोटोला कोण वाक्य देतं? पण ती बोलली. मराठीत बोलली. "अक्का, बस. जाऊ नको. मी बोलतेय की."

आई तशीच अर्धी उठलेली थांबली.

"तुझ्या साडीला इस्त्री करून ठेवते," मावशी पडद्याकडं बघत म्हणाली. "बोरमाळ डब्यात हाय, वरच्या फळीवर. त्या पोराला सांग, उगं रडतोय. जेवून घे म्हणावं."

आई खाली बसली. हीरो फोटोला धरून रडत होता, चांगला तीन-चार मिनिटं रडतो तो, आणि मावशी त्या फोटोतून काहीबाही बोलत राहिली, गावच्या विहिरीचं, आजीचं, भाकरी करपल्याचं. मधे श्वास घ्यायला थांबायची. आई एकटक बघत होती. पिक्चर संपला. मग आई म्हणाली, "चांगलं काम केलंस बये." मावशीनं पदरात तोंड झाकून घेतलं आणि लहान पोरीसारखी रडली, आणि आईनं तिला रडू दिलं.

माझा फोन तेव्हा माझ्या हातात होता. रेकॉर्ड करावं हे मला सुचलं नाही. एवढी शहाणी मी, सगळ्या ऑफिसाला शहाणपण शिकवणारी, आणि मला एक बटण दाबायचं सुचलं नाही. तिचे पिक्चर आज कुणीही बघू शकतं, आणि एकातही ती बोलत नाही. तिचा आवाज मला ऐकायचाय. रोज ऐकायचाय. आठवायला गेलं की शब्द आठवतात, आवाज येत नाही.

पाच आठवड्यांनी मावशी गेली. सकाळी चहा झाल्यावर खुर्चीत, खोकला नाही, कुणाची मांडी नाही. आईला आंघोळ मी घातली. टॉवेल कुठं ठेवलाय ते मला सापडेना.

आता रोज दुपारी जेवण झालं की आई मला तोच पिक्चर लावायला सांगते आणि आवाज बंद करायला लावते. त्या विजयवाड्याच्या बाईचा आवाज तिला घरात नको. सोफ्याच्या एका कडेला बसते, बाजूची जागा मोकळी. आधीआधी मला वाटलं, तिला मनातल्या मनात मावशी ऐकू येत असेल, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. परवा फोटोचा प्रसंग चालू असताना मी न राहवून विचारलं, "आई, येतो का गं तुला तिचा आवाज?"

"नाही," आई म्हणाली. पडद्यावरून तिनं नजर काढली नाही.

"मग रोज काय बघतेस?"

"काही नाही. बसते. एकदा उठून गेले होते ना मी."